श्रावणी, फाल्गुनी, कार्तिक की अश्विन? बाळाला महिन्याचं नाव देण्याआधी

बारसं जवळ आलं की नावांच्या यादीत एखादं मराठी महिन्याचं नाव हमखास शिरतं. बाळ श्रावणात झालं म्हणून श्रावणी, इतका साधा हिशोब असतो. पण ही नावं शेजारी शेजारी मांडली की कळतं, महिना हा फक्त मधला दुवा आहे. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याला नाव मिळालं: चित्रेवरून चैत्र, श्रवणावरून श्रावण, कृत्तिकांवरून कार्तिक. पाणिनीने तर त्यासाठी 'सास्मिन् पौर्णमासीति' असं स्वतंत्र सूत्रच दिलं आहे. म्हणून बाळाचा जन्ममहिना कोणता यापेक्षा नावामागे कोणतं नक्षत्र आणि कोणती कथा उभी आहे, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

मुलासाठी बहुतेक वेळा कार्तिक आणि अश्विन यांच्यात निवड होते. माझं मत उघडपणे कार्तिककडे आहे. सहा कृत्तिकांनी वाढवलं म्हणून शंकराचा मुलगा कार्तिकेय, आणि त्याच कृत्तिकांवरून महिन्याचं नाव. देव आणि महिना दोघांचं आजोळ एकच! शिवाय हे नाव डोळ्यांनी दिसतं. कार्तिकी पौर्णिमेला चंद्राच्या उजेडात कृत्तिका झाकोळतात, पण अमावास्या जवळ आली की संध्याकाळनंतर पूर्वेकडे तो इवल्या ताऱ्यांचा झुबका स्पष्ट दिसतो. लेकराला कडेवर घेऊन 'ते बघ तुझं नाव' असं म्हणता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे.

अश्विनचा अर्थही सुंदर आहे. अश्विन म्हणजे ज्याच्यापाशी घोडे आहेत तो. अश्विनीकुमार हे जुळे भाऊ, देवांचे वैद्य. पण महिना 'आश्विन' आणि नाव 'अश्विन', हा एका मात्रेचा फरक कागदपत्रांत छळतो. माझ्या मावसभावाच्या जन्मदाखल्यावर आ आहे आणि शाळेच्या दाखल्यावर अ. त्या एका कान्यापायी मावशीला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. हे नाव ठेवायचं असेल तर पहिल्या कागदापासून एकच रूप धरा.

मुलींच्या नावांत श्रावणी आणि फाल्गुनी यांचा स्वभावच वेगळा आहे. श्रावणीच्या मुळाशी श्रवण आहे, म्हणजे ऐकणं. मराठी कानाला मात्र आधी ऐकू येतो तो ऊन-पाऊस आणि मंगळागौरीची गाणी. नाव मऊ आहे, सगळ्यांना आवडतं, त्यामुळे वर्गात दुसरी श्रावणी भेटायची तयारी ठेवा. जानवं बदलण्याच्या विधीलाही श्रावणीच म्हणतात, हे घरातली वडीलधारी माणसं सांगतीलच.

फाल्गुनी त्या मानाने कमी ऐकू येतं, गुजराती आणि बंगाली घरांत मात्र चांगलं रुळलेलं आहे. त्याच्या मागे थेट अर्जुन उभा आहे. महाभारतातल्या विराटपर्वात तो राजपुत्र उत्तराला आपली दहा नावं सांगतो, त्यात फाल्गुन हे एक, आणि कारण देतो उत्तरा फल्गुनी नक्षत्रावरच्या जन्माचं. महिन्याचं तो बोलतच नाही. ठसठशीत, जरा वेगळं नाव हवं असेल तर मी फाल्गुनी निवडेन.

चैत्राली गोड आहे, पण तिच्यामागे अशी कथा नाही. वैशालीला मात्र महिन्याचं नाव समजू नका. ते विशालवरून आलं आहे, लिच्छवींच्या राजधानीचं नाव. महिन्याचं नाव वैशाखी.

आणखी एक अडचण. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपल्या श्रावण वद्य अष्टमीला जन्मलेला कृष्ण तिकडे भाद्रपदातला ठरतो. वद्य पक्षातल्या बाळाचं नाव श्रावणी ठेवलंत आणि आजोळ उत्तरेकडचं असलं, तर हा प्रश्न येणारच. त्यात अधिक महिना. 2023 मध्ये श्रावण दोनदा आला होता.

महिना हवा पण तो उघड दिसायला नको, असं वाटणाऱ्यांसाठी जुनी वैदिक नावं आहेत. मधु म्हणजे चैत्र, माधव म्हणजे वैशाख, शुचि म्हणजे आषाढ. माधव नावाच्या कितीजणांना आपण वैशाख आहोत हे ठाऊक असेल?

आमच्या ताईची मुलगी वैशाखातली. वैशाखी तिला पटेना, विशाखा घरात आधीच एक होती. मग अमरकोशात विशाखेचं दुसरं नाव सापडलं: राधा. तिच्या मागून येणारी ती अनुराधा. बारशाला आलेल्या सगळ्यांना ती कृष्णाची राधा वाटली. ताईने पाळण्याशी वाकून कानात नाव सांगितलं, तेव्हा तिच्या मनात विशाखा नक्षत्र होतं.