सात महिने, 3,200 किलोमीटर आणि कॅन्ससचे सराटे

फेब्रुवारीत टूरिंग सायकलला 38 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर चढवले. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. 3,200 किलोमीटर झाले, पण खरी परीक्षा जूनअखेरच्या एका दिवशी झाली.

ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत ट्रान्सअमेरिका ही 1976 पासूनची सायकलवाट आहे. तिचा पश्चिम कॅन्ससमधला तुकडा एकट्याने करत होतो. त्या दिवशी ट्रिब्यून ते डायटन, हायवे 96 ने, साधारण 110 किलोमीटर. लवकर निघूनही लिओटीला पोचेस्तोवर एक तास बुडाला, कारण मध्येच टाइम झोन बदलतो. गव्हाची काढणी जोरात होती. पुढच्या गावाचा ग्रेन एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचा उंच मनोरा, लांबूनच दिसायला लागतो आणि मग कितीही पायडल मारा, जवळ म्हणून येत नाही. दक्षिणेचा वारा उजवीकडून सतत रस्त्याच्या मधोमध ढकलत होता. समोरून ट्रक आला की तोंडावर थप्पड बसायची, ती वेगळीच.

लिओटीच्या पुढे फोटोसाठी सायकल कडेच्या गवतात आडवी केली. उचलली तर दोन्ही टायरांत मिळून अकरा काटे! इथले लोक त्याला 'गोटहेड' म्हणतात. मी बघताक्षणी ओळखला: अरे, हा तर आपला सराटा! लहानपणी बार्शीला मैदानावर चपलेतून टाचेत घुसायचा तोच, आजीच्या काढ्यातलं गोखरू. इतक्या लांब येऊन गाववाला भेटला, तो असा.

पुढच्या टायरचे काटे उपटले. प्रत्येक भोकातून फुस्स करून पांढरं सीलंट (भोकं बुजवायला टायरमध्ये भरलेला पातळ द्रव) आलं, भोक खाली येईल असं चाक फिरवलं की बंद. मागच्यातली दोन भोकं मात्र बुजेनात. चूक माझीच. फेब्रुवारीत भरलेलं सीलंट चार महिन्यांत, त्यातही उन्हात, वाळून रबराचा पापुद्रा झालं होतं. दोन्ही भोकांत रबरी पट्टी खुपसली, व्हॉल्व्हचा गाभा काढून सोबतच्या बाटलीतलं 60 मिलिलिटर ओतलं, हातपंपाने हवा भरली. चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात एक पिकअप थांबला. आजोबांनी पाणी हवंय का विचारलं आणि काटे बघून नुसतेच हसले.

संध्याकाळी डायटनला पोचलो तेव्हा मागच्या चाकात हवेचा दाब 55 पैकी 48 पीएसआय शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी हवा भरावी लागली नाही.

तक्रारी आहेत. टायरची कड रिमवर बसवायला हातपंप कामाचा नाही, कॉम्प्रेसरच लागतो. म्हणून वाटेत टायरची बाजू फाटली तर ट्यूबच घालावी लागेल, आणि ट्यूब घालण्याआधी आतून बोट फिरवून एकूण एक काटा चिमट्याने काढावा लागेल. एखादा राहिला तर ट्यूब गेलीच. मागच्या टायरची नक्षी मध्यभागी जवळजवळ सपाट झाली आहे, हिवाळ्याआधी बदलणार आहे. तोच टायर पुन्हा घेईन. सीलंट मात्र आता दर दोन महिन्यांनी काडी घालून बघतो.