कंपनीतली डाळ मिल: घरची तूर, घरचीच डाळ

घरच्या तुरीची डाळ करून घ्यायची असेल तर दारव्हा तालुक्यात मी एकच ठिकाण सांगते: कंपनी नावाच्या वस्तीतली बचत गटाची मिल. डाळ चांगली होते, वजन चोख मिळतं आणि दिलेल्या तुरीचीच डाळ आपल्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, परत येते. मोठ्या मिलमध्ये तूर देऊन भलत्याच कुणाची डाळ ज्यांनी घरी आणली आहे, त्यांना या शेवटच्या गोष्टीची किंमत कळेल. आमची मळ्यातली लाल तूर एकदा अशीच गेली आणि बदल्यात पिवळीधमक, चकचकीत, कसलीच चव नसलेली डाळ आली. त्या मिलचं नाव घेत नाही. पण तेव्हापासून तूर डोळ्यांसमोर भरडून मिळेल तिथेच द्यायची, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

कंपनी म्हणजे कारंजा रस्त्यावरची लहानशी वस्ती. एसटीचा कंडक्टर याच नावानं आवाज देतो. सातबाऱ्यावर आणि मतदार यादीत मात्र ती शेजारच्या गावात मोडते. इंग्रजांच्या काळात कापूस खरेदी करणाऱ्या एका कंपनीचा जिन आणि प्रेस, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, इथे होता. हंगामात मजुरीला आलेली माणसं जिनाच्या भिंतीला लागून राहिली, पुढे जिन बंद पडला, पण माणसं हलली नाहीत. आमच्या वऱ्हाडात अशी नावं बरीच सापडतात. अमरावतीचा रॅलीज प्लॉट रॅली ब्रदर्स या कापूस व्यापाऱ्यांच्या नावानं ओळखला जातो. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आपली शकुंतला रेल्वेसुद्धा किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं कापूस वाहून न्यायलाच टाकली होती.

माझे सासरे लहानपणी त्यांच्या आज्याबरोबर कापसाची बैलबंडी घेऊन इथे यायचे. रात्रभर बंड्यांची रांग लागायची. सकाळी खरेदीदार येऊन मूठभर कापूस ओढून धागा बघायचा आणि भाव बोलायचा. त्यावर शेतकऱ्याला बोलायची सोय नव्हती. सरकी निघाली, रुईच्या गाठी बांधल्या की त्या शकुंतलेनं मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढे जहाजानं. सासरे हे सांगताना दर वेळी म्हणत, "आपल्या वावरातला कापूस, पन लुगडं कुठून यायचं ते मायले मालूम नव्हतं."

याच्या उलट सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती गाव वसलं. लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी सुरुवातीला तो घ्यायला तयार नव्हते. तरी किर्लोस्कर टिकले, आणि त्या वाडीतून नांगर, कडबा कापायची यंत्रं, पुढे पंप असा तयार माल देशभर गेला. आमच्या कंपनीतून फक्त कच्चा माल गेला. त्यामुळे आज त्याच जिनाच्या फाटकासमोर, पत्र्याच्या शेडमध्ये, कच्ची तूर येते आणि खायची डाळ होऊन बाहेर पडते, याचा मला मनापासून आनंद आहे. जिनात ओझी वाहिलेल्या बायांच्या सुना-नाती ही मिल चालवतात.

आता कामाबद्दल. यंत्र आहे पीकेव्ही मिनी डाळ मिल, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेलं. गटानं ते बँकेचं कर्ज काढून घेतलं आणि प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून 35 टक्के अनुदान मिळवलं. यंत्र आकारानं लहान आहे, त्यामुळे एका शेतकऱ्याचा एक-दोन क्विंटल माल वेगळा काढणं जमतं. मोठ्या मिलला एवढासा माल वेगळा घेणं परवडत नाही, ते सगळ्यांची तूर एकत्रच ओततात.

तूर दिल्या दिवशी डाळ मिळत नाही, हे आधी समजून घ्या. पहिल्यांदा माल चाळून माती, काड्या आणि अळीनं पोखरलेले दाणे काढतात. मग तूर यंत्रातून एकदा नुसती खरचटून घेतात. आत एमरीचा खरखरीत रोलर फिरतो आणि बाहेरून जाळी असते. टरफलाला ओरखडे पडतात, दाणा शाबूत राहतो. मग तेल लावतात, क्विंटलला साधारण अर्धा किलो, आणि ते ओरखड्यांतून टरफलाखाली शिरतं. रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, सकाळी अंगणात पातळ पसरायचा. दोन ते तीन कडक उन्हं खाल्ली की पाण्याचा हलका हात मारून पुन्हा झाकायचा, वाळवायचा आणि मग खरी भरडाई. पंखा टरफल उडवून लावतो, चाळणीवर डाळ, चुरी आणि न फुटलेला गोटा वेगळे होतात. गोटा पुन्हा फिरवतात.

यातली वाळवणी ही सगळ्यात कसोटीची पायरी आहे. घाईची मिल इथेच चोरी करते. अर्धवट वाळलेल्या दाण्याचं टरफल सुटत नाही, मग रोलर जास्त घासतो आणि डाळीचाच पिठूर उडतो. तो तोटा शेतकऱ्याचा, कारण पिठूर चुनीत, म्हणजे गुरांच्या खाद्यात, जातो आणि वजन डाळीचं कमी होतं. फेब्रुवारीत दोन दिवस आभाळ आलं होतं, तेव्हा मी डाळ न्यायला गेले तर मिल चालवणाऱ्या ताईनं मूठभर तूर माझ्या हातावर ठेवली.

"दातानं फोडून पाहा वहिनी. अजून नरम हाये. आज काढली तर चुरीच चुरी होईन."

"मले उद्या पाहुणे येऊन राहिले ना वो."

"पाहुण्यायले आमच्याकडची किलोभर दाय घेऊन जा, मंग तुमची तयार झाली की फेडजा. पन तुमचा माल मी बिघडवनार नाही."

मी किलोभर घेऊन आले. ज्या बाईला दुसऱ्याच्या मालाची एवढी काळजी आहे तिच्याकडे मी डोळे मिटून कट्टे ठेवते.

माझा हिशेब असा. आम्ही कपाशीत तुरीच्या ओळी घालतो, लाल बीएसएमआर 736 वाणाची आणि काही पांढरी बीडीएन 711 वाणाची. पांढऱ्या तुरीच्या एका क्विंटलला 72 किलो डाळ मिळाली, लाल तुरीला 70. चुरी तीन-चार किलो. ती आम्ही घरी सांडग्यांना वापरतो. बाकी चुनी आणि टरफल गाईला. आमच्या सासूबाई जात्यावर भरडायच्या तेव्हा निम्म्याहून थोडी जास्तच डाळ हाती लागायची, आणि त्यासाठी भिजवणं, वाळवणं, सडणं यात आठवडा जायचा. भरडाई किलोला 8 रुपये, तेल त्यांचंच. चुनी-टरफल गटाला ठेवलं तर 6 रुपये.

तूर थेट विकावी की डाळ करून, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण आकडे समोर ठेवते. 2025-26 साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये आहे, आणि बाजारात माल एकदम आला की व्यापारी त्याच्या खालीच बोलतो. 72 किलो डाळ मी नागपूरच्या नातेवाइकांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना 130 रुपयांनी दिली तर 9,360 रुपये होतात. भरडाईचे 800 गेले, गाडीभाडं आणि पिशव्या गेल्या, तरी हमीभावाच्या वर चार-साडेचारशे रुपये राहतात आणि चुनी गोठ्यात येते. फार मोठी कमाई नाही. पण भाव मी सांगते आणि समोरचा तो देतो, हे आमच्या घरात आजवर कधी झालं नव्हतं. सगळी तूर अशी खपत नाही, हेही खरं. आम्ही दोन-तीन क्विंटलच करतो, उरलेली बाजार समितीत नेतो.

डाळ कशी आहे? दिसायला फिकट. पॉलिश नसल्यामुळे चमक नाही, काही दाण्यांच्या कडेला तांबूस टरफल चिकटलेलं राहतं. दुकानातली डाळ बघायची सवय असलेल्या माझ्या जावेनं पहिल्यांदा नाक मुरडलं. शिजवल्यावर तिनंच फोन करून आणखी दहा किलो सांगितली. कुकरच्या तीन शिट्ट्यांत गाळ होते. घरी भिजवून केलेली डाळ शिजायला फार वेळ घ्यायची, ही तेल लावून कोरडी केलेली पटकन शिजते. साधं वरण, त्यावर हिंग-जिऱ्याची फोडणी आणि थोडं जवसाचं तेल, एवढ्यावर ताट रिकामं होतं. रोडग्यांच्या पंगतीला आम्ही याच डाळीचं वरण केलं. वांग्याच्या भाजीच्या आधी वरणाची गंजी खरवडावी लागली. लाल तुरीच्या वरणाला जास्त गोडवा असतो असं माझं मत आहे. पालक घालून डाळभाजी करायची असेल तर पांढरी घ्या, रंग उघडा राहतो.

उणिवाही आहेत, आणि त्या मी गटातल्या बायांना तोंडावर सांगितल्या आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गर्दी इतकी होते की नंबर लागायला आठवडा जातो. बसायला सावली नाही. लिंबाचं एक झाड आहे, त्याखाली आधीच कट्टे रचलेले असतात. दुपारी वीज गेली की रोलर थांबतो आणि अर्धवट भरडलेला माल तसाच पडून राहतो. लाल तुरीचा दाणा बारीक असला की गोटा डाळीत येतो, घरी सूप घेऊन बसावं लागतं. बारीक दाण्यासाठी वेगळी चाळणी घ्यायला हवी.

सगळ्यात जास्त मला सलते ती धूळ. टरफलाची बारीक भुकटी शेडभर उडते आणि बाया तोंडाला नुसता पदर बांधून आठ-आठ तास त्यात उभ्या राहतात. संध्याकाळी त्यांचं खोकणं ऐकवत नाही. सासरे सांगायचे की जिनातही हेच होतं, रुईचे तंतू छातीत बसायचे. पंख्याच्या तोंडाशी भुकटी गोळा करणारं सायक्लोन बसवता येतं. भरडाई किलोमागे एक रुपया वाढवा, आम्ही देऊ, पण ते यंदा बसवा, असं मी त्यांना म्हटलं. जे कुणी तिथे माल नेतील त्यांनीही हे आवर्जून बोलावं. गिऱ्हाईक स्वतः म्हणालं की दर वाढवायला त्यांना धीर येईल.

वजनाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. तूर आली की आपल्यासमोर इलेक्ट्रॉनिक काट्यावर, डाळ निघाली की पुन्हा समोर, आणि दोन्ही आकडे वहीत आपल्या सहीनिशी. कट्ट्यावर नाव आणि वाण खडूनं लिहितात. माझा कट्टा कधी बदललेला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. तूर मळणीनंतर चांगली वाळवूनच न्या, ओली नेलीत तर परत पाठवतात. डाळीसाठी रिकामे, धुतलेले कट्टे घरूनच न्या, खताच्या पोत्यात डाळ भरायला त्या नकार देतात आणि बरोबरच करतात. शक्यतो जानेवारीअखेर नंबर लावा. मार्चच्या मध्यापासून हरभरा सुरू होतो आणि तुरीला मागे सरावं लागतं. मूग-उडीद दिवाळीच्या आसपास घेतात. एकावेळी किमान 50 किलो माल लागतो. तेवढा नसेल तर शेजारणीशी मिळून न्या, पण दोघींचा वाण एकच असू द्या. दाणा लहान-मोठा असला की रोलरची फट कुणा एकीलाच बसते आणि दुसरीच्या वाट्याला चुरी येते.