मिंडोनच्या मोरापायी फसलो

माझं लहानपण रत्नागिरीत थिबा पॅलेसच्या वाटेवर गेलं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा १९१६ साली आमच्याच गावात वारला, हे आजीकडून ऐकत मोठा झालो. त्याच्या वडिलांचं, मिंडोन राजाचं, मोराचं नाणं आपल्याकडे असावं ही फार जुनी इच्छा. त्या ओढीनेच २०१९ मध्ये यांगूनला गेलो.

दुकानदाराने एक चांदीचं क्यात, म्हणजे ब्रह्मदेशचं नाणं, पुढे ठेवलं. एका बाजूला पिसारा फुलवलेला मोर, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेटोळ्यात बर्मी अक्षरं. माझ्यासमोर काट्यावर टाकलं: ११.६ ग्रॅम. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाइतकंच, म्हणजे बरोबर. मग म्हणाला, यावर बर्मी सन १२१४ आहे, १८५२ चं, पहिल्याच वर्षाचं, अशी तीनच उरलीत. मी तिन्हींचे ४५० डॉलर मोजले. त्याने आतल्या बाजूला जाऊन कागदात गुंडाळून दिली.

साल ऐकून भुललो ही मोठी चूक. मिंडोन गादीवर आला ते साल १२१४, आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर तेच साल कायम राहिलं. मंडालेच्या टांकसाळीची यंत्रं बर्मिंगहॅमहून आली १८६५ च्या सुमारास! म्हणजे १२१४ वाचून कुणी ‘पहिल्या वर्षाचं, दुर्मीळ’ म्हणत असेल, तर त्या माणसावर विश्वास ठेवू नका.

घरी येऊन तिन्ही भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली. मोराच्या मानेखाली मोहरीएवढा खड्डा. दुसऱ्यावर तसाच, त्याच जागी. तिसऱ्यावरही. पोटात गोळाच आला. ठशाने पाडलेल्या, हातोहाती फिरलेल्या तीन नाण्यांना एकाच जागी एकसारखी इजा कशी होईल? ही एकाच साच्यातून ओतलेली होती. कडेला कानशीने घासलेली बारीक शिवण नखाला लागत होती. वजन ९.४, ९.५, ९.४. काट्यावर चढलेलं खरं नाणं दुकानातच राहिलं होतं.

म्हणून वजन तुमच्या खिशातल्या काट्यावर करा, प्रत्येक नाण्याचं करा, आणि केलेलं नाणं हातातून सोडू नका. कड फिरवून पाहा. एकासारखी दोन मिळत असतील तर आधी त्यांचे डाग जुळतात का बघा.

ती तिन्ही मी विकली नाहीत. पाकिटावर लाल शाईने ‘नकली’ लिहून ठेवलंय. माझ्यामागे मुलांनी ती खरी समजून कुणाला देऊ नयेत.