बचत गटाची निंबोळी पावडर : पऱ्हाटीवरील एका हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात महिलांचा एक बचत गट निंबोळीची पावडर तयार करून विकतो. मागील खरिपात तीन एकर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मी रसशोषक किडींसाठी हीच पावडर वापरली. पाच किलोची पिशवी २५० रुपयांना मिळते आणि ती १०० लिटर पाण्याला, म्हणजे पाच टक्के अर्काला, पुरते.

पावडर भरड व पिवळसर तपकिरी आहे. चिमूट बोटांत चोळली की तेलकटपणा जाणवतो आणि लसणासारखा उग्र वास हाताला दिवसभर राहतो. रात्री बादलीत भिजत घातली की सकाळी पाणी दुधाळ होते. ते फडक्याने गाळून, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळून, उरलेले पाणी घालून फवारायचे. फडके एकेरी ठेवले तर पंपाचा नोझल हमखास चोंदतो, म्हणून दोनदा गाळणे आवश्यक आहे. दळण थोडे बारीक असते तर हा त्रास वाचला असता.

गटातील बायका निंबोळीचा गर धुऊन काढतात, बिया सावलीत वाळवतात आणि गोणपाटाच्या पोत्यांत ठेवतात. याचे कारण विचारले तेव्हा त्यांच्यातील एक काकू म्हणाल्या, "भाऊ, उन्हात वाळवली तर तिचा कस जाते." हे अगदी खरे आहे. बियांमधील मुख्य कडू द्रव्य, अझाडिरेक्टिन, सूर्यप्रकाशात लवकर विघटित होते. फवारणी सायंकाळी करावी, असे सांगतात तेही याचसाठी.

हे द्रव्य अळीला जागीच मारत नाही. ते किडीची भूक मोडते आणि कात टाकण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) कामात अडथळा आणते, त्यामुळे फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी वावरात जाऊन किडी तशाच दिसल्या म्हणून निराश होऊ नये. माझ्या पऱ्हाटीवर चौथ्या-पाचव्या दिवशी पानांच्या खालच्या बाजूला तुडतुडे आणि मावा स्पष्टपणे कमी झालेले दिसले.

हे द्रव्य झाडात आले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. झाडाच्या वाढीला, श्वसनाला लागणारी द्रव्ये जवळपास सर्वच वनस्पतींत सारखी असतात. परंतु शत्रूपासून बचावासाठी प्रत्येक कुळाने आपापली वेगळी द्रव्ये घडवली आहेत. कडुनिंबाची कडू द्रव्ये लिमोनॉइड या गटातील आहेत. हाच गट संत्र्याच्या कुळातही आढळतो. नागपुरी संत्र्याची बी दाताखाली फुटल्यावर येणारा, किंवा रस काढून ठेवल्यावर हळूहळू चढणारा कडूपणा लिमोनिनचा असतो आणि ते अझाडिरेक्टिनचे दूरचे नातलग आहे. दोन्हींची सुरुवात तीस कार्बन अणूंच्या सांगाड्यापासून होते. त्यातील चार कार्बन गळून पडतात आणि पुढे प्रत्येक कुळ आपल्या वाटेने जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, या वाटेवरील एक महत्त्वाचे विकर (एन्झाइम), पेशीपटलासाठी स्टेरॉल नावाची चरबीसारखी द्रव्ये बनवणाऱ्या विकरांतूनच उगम पावलेले आहे. रोजच्या कामातील विकराची जादा प्रत तयार होऊन ती अशी नव्या कामाला लागते, तेव्हा झाडाच्या हाती नवे शस्त्र येते. अझाडिरेक्टिनचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की १९६८ मध्ये तो वेगळा केल्यानंतर त्याची अचूक रचना ठरण्यास १९८५ उजाडले आणि प्रयोगशाळेत तो पूर्णपणे घडवायला २००७ पर्यंत वाट पाहावी लागली.

पऱ्हाटीकडेही स्वतःचे शस्त्र आहे. तिच्या पानांवर व बोंडांवर दिसणारे बारीक काळे ठिपके गॉसिपॉल या किडींना बाधणाऱ्या द्रव्याच्या ग्रंथी असतात. मात्र मुख्यतः कपाशीवर जगणाऱ्या गुलाबी बोंडअळीने त्याच्याशी बऱ्याच अंशी जुळवून घेतले आहे.

कीड एका द्रव्याशी अशी जुळवून घेऊ शकते, म्हणूनच दुकानातील बाटलीवर छापलेल्या एकट्या अझाडिरेक्टिनच्या आकड्यापेक्षा मला अख्ख्या बियांची पावडर अधिक भरवशाची वाटते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माव्याच्या एका जातीला चाळीस पिढ्या शुद्ध अझाडिरेक्टिन दिल्यावर तिची सहनशक्ती सुमारे नऊपट वाढली; तितकेच अझाडिरेक्टिन असलेला बियांचा अर्क दिलेल्या माव्यात मात्र ती वाढली नाही. झाडाने एक नव्हे, अनेक लिमोनॉइड एकत्र ठेवली आहेत आणि त्या सर्वांशी एकाच वेळी जुळवून घेणे किडीला जड जाते. पूर्वी तालुक्याच्या एका दुकानातून मी निंबोळी अर्काची बाटली आणली होती. तिच्या लेबलवरील तारीख पुसट झालेली होती आणि तिचा काहीच गुण आला नाही.

या पावडरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. अळी एकदा बोंडात शिरली की हा अर्क तिच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे गुलाबी बोंडअळीसाठी यावर विसंबून राहू नये. त्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावणे आणि वेळेवर डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुले, तोडून नष्ट करणे हेच करावे लागते. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मात्र मला रासायनिक फवारणीची गरज पडली नाही. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते दिवस मी विसरलेलो नाही. पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोन महिन्यांचे मोल फार मोठे आहे.

गटाकडे माझी एक ठाम तक्रार आहे. पिशवीवर निंबोळी कोणत्या महिन्यात वेचली, हे लिहिलेले नसते. जुलैच्या फवारणीला मला मिळालेली पावडर मागील वर्षीच्या निंबोळीची होती आणि तिचा वासही मंद होता. सप्टेंबरमध्ये नव्या निंबोळीची पावडर आली, तिचा परिणाम उघडच चांगला होता. दोन्हींची किंमत एकच घेतली गेली. जुनी पावडर स्वस्त द्यावी किंवा तिचे प्रमाण वाढवून सांगावे, असे मी गटाला कळवले असून येत्या हंगामासाठी महिना लिहिलेल्या सात पिशव्या सांगून ठेवल्या आहेत.