मोटरहोम की कारमागची कॅरॅव्हॅन?

निवृत्तीनंतर चाकांवरचं घर घ्यायचं, तर सगळं सुरळीत असताना मोटरहोमच, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं घरच, सोयीचं. पाऊस कोसळत असला तरी सीटवरून उठून थेट आत जाता येतं. मुक्काम आवडला नाही तर लगेच निघता येतं. कॅरॅव्हॅन म्हणजे कारने ओढायचं बिनइंजिनाचं घर; ते कारला जोडणं-सोडणं कष्टाचं. मागे घेताना स्टिअरिंग उलट्या दिशेने फिरवावं लागतं, आणि मागच्या टोकाला जास्त वजन भरलं तर वेगात ती हेलकावे खाते. पाठ-गुडघे कुरकुरत असतील तर हे आधी करून बघा.

पण बेत फिसकटला की पारडं फिरतं. मोटरहोमचं इंजिन बिघडलं तर अख्खं घरच गॅरेजमध्ये जातं. कॅरॅव्हॅन तळावर ठेवून कारने डॉक्टरांकडे जाता येतं, आणि हा फरक फार मोठा आहे. आजारपणाने वर्षभर फिरणं थांबलं, तरी उभ्या मोटरहोमचा विमा आणि बॅटरी खर्च मागतच राहतात. टायर तर दोन्हींचे न धावताही जुने होतात. पण कॅरॅव्हॅन विकली तरी कार हाताशी उरते. तब्येतीची खात्री नसलेल्या जोडप्याला मी कॅरॅव्हॅनच सुचवेन, मात्र ती ओढायला दोघांनाही जमलं पाहिजे.