ऑपॉर्च्युनिटी ॲटलस: साडेचार तारे

पुण्यातल्या भाच्यानं दिवाळीत ही साइट दाखवली. फुकट आहे. मोबाइलवर नकाशा अडकत अडकत सरकतो आणि सगळं इंग्रजीत, अर्धा तारा त्याचाच कापलाय. शाळेच्या कंप्युटरवर बघा.

हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या जनगणना खात्यासोबत 2018 साली हे काढलं. 1978 ते 1983 दरम्यान जन्मलेली सुमारे 2 कोटी लेकरं कुठं वाढली आणि पस्तिशीच्या आसपास किती कमावू लागली, हे कराच्या नोंदी जोडून, नावं गाळून मांडलंय. लाल भाग म्हणजे कमाई कमी, निळा म्हणजे जास्त. आईबाप गरीब होते तेवढीच लेकरं निवडून बघता येतात. खरी गंमत तिथंच. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स भागात अगदी गरीब घरात वाढलेल्या काळ्या पुरुषांपैकी 44 टक्के 1 एप्रिल 2010 रोजी तुरुंगात होते. दोन-अडीच मैलांवरच्या कॉम्प्टनमध्ये 6 टक्के. हे वाचून मी चहा विसरलो.

मग म्हटलं, आमचा बीडमधला धारूर तालुका बघू. भाच्यानं 'श्रग' नावाचा भारताचा माहितीसाठा उघडून दिला. सॅम ॲशर आणि पॉल नोव्होसाड या अर्थतज्ज्ञांनी आपल्या जनगणना, आर्थिक गणना, रात्रीचे दिवे असं सगळं गावनिहाय जोडलंय. काम मोठं, पण ते तक्त्यांचं कोठार. एकट्याला मला उघडलं नसतं. आपल्याकडं कर भरणारे थोडे, म्हणून इथं बापाचं आणि लेकराचं शिक्षण ताडून बघतात.

2011 च्या जनगणनेचा आकडा दिसला आणि मी थबकलो. तेव्हा मीच प्रगणक होतो, 9 ते 28 फेब्रुवारी. तांड्यावर दारादाराला कुलूप, ओट्यावर म्हाताऱ्या. बाकी सगळे उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कोयत्यावर, ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नियमानं त्यांची मोजणी तिकडंच, त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर कुणी पोचलं असेल तर.

चेट्टींच्या नकाशात लेकरू ज्या भागात जितकी वर्षं वाढलं, तितका त्याचा वाटा त्या भागाला देतात. हे मला फार पटलं. माझ्या वर्गातलं एक पोरगं दसऱ्यानंतर जातं, गुढीपाडव्याला परततं. माझ्या हजेरीपटात त्याच्यापुढं 'स्थलांतरित' एवढंच असतं.