नागपुरात घरच्या सोड्यासाठी मोठं भांडं: केग, ड्रम की बरणी?

आधी कायद्याचं बोलून घेऊ. परवान्याशिवाय बिअर तयार करणं हा 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती घरच्या चार माणसांपुरती का असेना. त्यामुळे इथे सामान बिअरवाल्यांचंच असलं तरी आढावा कोम्बुचा (आंबवलेला गोड चहा), आल्याचा सोडा आणि संत्र्याचा सोडा करणाऱ्यांसाठी आहे. एका वेळी 15-20 लिटर करायचं म्हटलं की स्वयंपाकघरातली भांडी पुरत नाहीत, आणि मग प्रश्न येतो: स्टीलचा केग (गॅसचा दाब धरणारं बंद पिंप) घ्यायचा, प्लॅस्टिकचा ड्रम, की काचेची बरणी?

माझं मत स्पष्ट आहे. गॅसचा दाब धरणारं भांडं तयार, कारखान्यात बनलेलं, ऑनलाइन का होईना, बाहेरून मागवा. बाकी सगळं इतवारीच्या बाजारात घ्या. बरेच जण नेमकं उलटं करतात: बरण्या आणि नळ्या ऑनलाइन मागवतात आणि पैसे वाचवायला केग मात्र ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतात. हिंगणा एमआयडीसीत स्टीलचं काम करणारे भरपूर आहेत. चहा उकळायचं 50 लिटरचं भांडं त्यांच्याकडून जरूर बनवून घ्या. पण दाबाखाली राहणारं भांडं वेगळं. वेल्डिंगमध्ये राहिलेली बारीक फट पाणी भरून दिसत नाही, गॅस भरल्यावर कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

घरगुती वापरासाठी जगभर चालतो तो कॉर्नी केग. 19 लिटरचा, मूळचा शीतपेय कंपन्यांनी सिरपसाठी वापरलेला. तोट्या जोडायच्या पद्धतीवरून त्याचे दोन प्रकार: बॉल-लॉक आणि पिन-लॉक. बॉल-लॉक उंच आणि सडपातळ, पिन-लॉक बुटका आणि जाडा. तुमच्या फ्रिजची उंची आड येत नसेल तर बॉल-लॉकच घ्या, त्याचे सुटे भाग सहज मिळतात. साधारण 130 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) चालेल असा तो बनवलेला असतो आणि आपलं काम 30 च्या आसपास भागतं. झाकणावर दाब सोडायचा व्हॉल्व्ह असतो. पैसे मोजायचे ते यासाठीच. जुना केग स्वस्तात मिळाला तर आतल्या पाचही रबरी रिंगा बदला: एक झाकणाची, दोन बाहेरच्या तोट्यांच्या, दोन आतल्या नळ्यांच्या. जुन्या पेयाचा वास स्टील सोडतं, रबर सोडत नाही. जोडून झाल्यावर झाकण हाताने वर ओढून धरत गॅस सोडा म्हणजे रिंग नीट बसते, मग सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

गॅसचं मात्र नागपूरकरांनी जास्त जपायला हवं. फसफस आणणारा कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि त्यापुढे सिलिंडरमधला दाब झपाट्याने वाढतो. मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत किंवा बंद गाडीत सिलिंडर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. घ्यायचा तो खाद्यपेयांसाठीचाच गॅस, आणि सिलिंडरवर कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख वाचूनच. सिलिंडरांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, तेव्हा मान्यतेशिवायचा सिलिंडर वापरायला आपल्याला तरी सबब नाही. आग विझवायचा सिलिंडर कधीही जोडू नका. त्याच्या आत नळी असते आणि ती गॅसऐवजी द्रव बाहेर फेकते.

उन्हाळ्याचा दुसरा फटका सोड्याच्या फसफशीला बसतो. 4 अंशांवर 12 पीएसआयला जेवढा गॅस पाण्यात मुरतो, तेवढा 25 अंशांवर मुरायला तिसाहून जास्त लागतात. म्हणून केग घेताना तो थंड कशात ठेवणार हे आधी ठरवा. फ्रिजमध्ये मावत नसेल तर टबात बर्फाच्या लादीचे तुकडे भरून काम होतं, पण ते समारंभापुरतं. रोजचं नाही.

आता आंबवण्याचं भांडं. कोम्बुचासाठी काचेची बरणी सर्वांत चांगली: ओरखडे पडत नाहीत, वास धरत नाही, आत काय चाललंय ते दिसतं. मात्र 20 लिटरची भरलेली बरणी एकट्याने उचलू नये, आणि गरम चहा थेट ओतला की ती तडकते. आजीच्या काळातली चिनी मातीची बरणी नको. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पेय ते ओढून घेतं. ड्रम हलका आणि स्वस्त, पण तळावर 2 हा आकडा आणि पेला-काट्याचं चिन्ह बघून नवाच घ्या. भंगारातला धुतलेला ड्रम आधी कशाचा होता ते कोणी खात्रीने सांगू शकत नाही. ड्रम तारेच्या घासणीने घासू नका, ओरखड्यांत जंतू बसतात.

स्टीलचं पातेलं घेताना दुकानदार चुंबक लावून दाखवतात. त्याचा उपयोग नाही, कारण स्वस्त 202 ग्रेडचं आणि चांगलं 304 ग्रेडचं स्टील दोन्ही चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत. आंबटाला 304 च लागतं. बिलावर ग्रेड लिहून मागा. दुकानदार कां कू करायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

कोम्बुचा कूलरच्या खोलीत ठेवा. 35 अंशांच्या वर तो पटकन व्हिनेगरकडे जातो. साखर शिल्लक असताना बाटलीत बंद करून फस आणण्यापेक्षा तयार झालेला कोम्बुचा थंड केगमध्ये गॅसने फसफसवा. बाटल्या फुटत नाहीत, आणि अल्कोहोलही वाढत बसत नाही.

महिन्यातून एखाद्या वेळी करणार असाल तर केगच्या भानगडीत पडूच नका. बरणी आणि साध्या बाटल्या पुरेत. दर आठवड्याला करणार असाल किंवा घरात कार्य असेल तर केग वसूल होतो. संत्र्याच्या सोड्यासाठी एकच सांगणं: रस केगमध्ये भरू नका. गराने आतली नळी तुंबते, शिवाय आपल्या संत्र्याचा रस काही तास ठेवला की कडवट होतो. केगमध्ये नुसतं थंड पाणी फसफसवा आणि संत्रं पाहुण्यांसमोर ग्लासात पिळा.